मुकादम : पुढे ठेवलेला माणूस

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा ट्रक लागला, की हमालांची टोळी येते आणि टोळीच्या पुढे मुकादम असतो. कुठला माल कुठल्या गाळ्यावर उतरवायचा, थप्पी कुठे लावायची, हे तो पाहतो.

शब्द मूळचा अरबी. 'कदम' म्हणजे पाऊल. त्याच धातूतून 'मुकद्दम' आला, म्हणजे पुढे ठेवलेला. जुन्या कागदांतला 'कदीम' आणि कोर्टातला 'मुकदमा' ही त्याचीच भावंडं. स्पेनमध्ये तो 'अल्मोकादेन' झाला, पायदळाच्या तुकडीचा नायक. अरब सैन्यांत मुकद्दम हा आजही लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा हुद्दा आहे.

दख्खनेत हा शब्द फारसी दप्तराबरोबर आला आणि 'मोकदम' होऊन गावच्या पाटलाला चिकटला. १६४६ च्या प्रसिद्ध शिवकालीन पत्रात बावाजी गुजर हा रांझे गावचा मोकदम आहे. बाईशी बदअमल केला म्हणून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले आणि पाटीलकी काढून घेतली. ज्याला पुढे ठेवलं, त्याला तिथून हटवताही येतं, हे त्या निवाड्याने रयतेला दाखवलं.

पुढे गावकीत 'पाटील' हाच शब्द उरला आणि मुकादम मजुरीच्या जगात आला. गोदी, रस्त्यांची कामं, नगरपालिकेची झाडलोट, ऊसतोड, जिथे माणसं टोळीने राबतात तिथे तो आहे. ऊसतोडीत कारखान्याची उचल त्याच्याच हातून मजुराला मिळते. ज्याच्या हाती पैसा, त्याच्या हाती माणूस, ही या पदातली खरी मेख.

ती मेख हमालीत कायद्याने काढली. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने मजुरी हमालाला द्यायची. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा. मुकादमाकडे काम वाटणं राहिलं, पगाराची चावी गेली.

म्हणून कुठलाही मुकादम भेटला, की त्याला पुढे कुणी ठेवलं आणि मजुरी कुणाच्या हातून वाटली जाते, हे विचारावं. ऊसतोड मजुराला या प्रश्नाचं हमालासारखं उत्तर मिळायला हवं.