डचांची भट्टी, सुरतचा बतासा

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोनच साले आठवतात. आमच्या नंदुरबारकडे मात्र सुरत म्हणजे कामधंदा. तापीकाठच्या रेल्वेने खानदेशातली किती घरे तिकडे गेली आणि मागांवर, कापडबाजारात रुजली. माझे मामा त्यातलेच. दिवाळीला आले की साड्यांच्या गठ्ठ्याआधी बताशांचा पुडा बाहेर निघे. प्रसादातले साखरेचे बत्तासे नव्हेत. मैदा, तूप, मीठ नि जिरे घातलेले, गोल, कोरडेठाक, चहात बुडवून खायचे. सुरतेचे पारशी ते पुदिना नि गवती चहा घातलेल्या चहाबरोबर खातात, हेही मामांकडूनच कळले.

आणि पुडा सुटला की गोष्ट सुरू होई. सुरतेला डचांची वखार होती. त्यांना पाव लागे, म्हणून त्यांनी पाच पारशी भट्टीवर ठेवले. डच गेले, जाताना भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवालांच्या हवाली करून गेले. मग गिऱ्हाईक उरले गोऱ्या साहेबांचे. तेही पांगले, तसा पाव उरू लागला. तो ताडीने आंबवलेला, त्यामुळे लवकर बुरसत नसे, नुसता वाळून कडक होई. स्वस्तात मिळतो म्हणून गरीबगुरीब तो नेऊ लागले; वैद्य-डॉक्टर आजाऱ्याला तोच द्या म्हणू लागले. शेवटी ताज्यापेक्षा वाळक्याला मागणी जास्त, तेव्हा दोटीवालांनी तो मुद्दामच वाळवायला घेतला. पुढे त्यात तूप आले, जिरे आले, झाला बतासा. नानखटाईसुद्धा याच भट्टीतली, असे मामा ठासून सांगत. दोटीवालांच्या पेढीवरही जवळपास हीच कथा सांगतात.

मोठेपणी मी साले जुळवायला बसलो. वखार खरीच. १६१६-१७च्या सुमारास डच सुरतेत पाय रोवून होते. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा तिथल्या डचांनी लिहून ठेवलेला वृत्तांत आपले इतिहासकार आजही चाळतात. कतारगामला डचांची थडगी आहेत. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा महाग्रंथ सिद्ध करवणारा व्हान ऱ्हेडे १६९१ साली वारला, तोही तिथेच पुरलेला आहे. थडगे असे भव्य, की परका माणूस त्याला एखाद्या नबाबाचा मकबराच समजेल.

घोडे अडते ते शेवटाला. १८२४च्या तहानुसार डचांनी १८२५ साली सुरत इंग्रजांच्या हाती दिली. दोटीवालांची बेकरी आपले साल सांगते १८६१. मधली ३६ वर्षे भट्टी कोणाकडे होती? मामांना विचारले, तर म्हणाले, “अरे, पेटलेली भट्टी कोणी विझवतं का? असतील त्यातलेच कोणी फुंकत.” या उत्तरापुढे बोलणार काय! पण १८६१ हे साल मला पटते. नेमक्या त्याच सुमारास मुंबई-बडोदा रेल्वे सुरतेच्या आसपास येत होती, अमेरिकेतल्या युद्धाने कापसाचा भाव चढत होता, शहरात पैसा खुळखुळत होता. पाव-बिस्किटाच्या दुकानाला याहून बरा मुहूर्त कुठला?

ताडीचे मात्र दिवस भरत आले होते. १८७८च्या अबकारी कायद्याने सरकारचा हात थेट ताडाच्या झाडापर्यंत पोहोचला, नि १९४९च्या दारूबंदी कायद्याने ताडीच बंद. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच. मामा सुरतेला गेले तोवर बेकऱ्यांत यीस्ट रुळले होते. म्हणजे ताडीचा पाव त्यांनी कधी चाखलाच नव्हता. तरी त्याची तारीफ अशी करीत, की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे.

या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो पाव वाळण्याचा भाग, आणि तो नेमका कागदांत सापडत नाही. मऊ पाव साहेबाचा, बाटवणारा. आमच्या आजीने तो जन्मात तोंडाला लावला नाही. बतासा मात्र ती बिनदिक्कत खाई. “सुकं आहे, त्याला कसला विटाळ?” हा तिचा निवाडा. अशा किती आज्यांनी असाच निवाडा दिला असेल, म्हणून तर परक्यांच्या भट्टीतली वस्तू देवघराला लागून असलेल्या फडताळात जाऊन बसली.

आजी समोर असली की मामा गोष्टीतली ताडी गुपचूप गाळत. पाव उरला, वाळला, झाले. तो मुळात फुगला कशाने, हे आजीने कधीच विचारले नाही. तिचे माहेर व्याऱ्याकडचे, ताडाची झाडे बघतच वाढलेली. तिला उमगले नसेल यावर माझा विश्वास नाही. ती फक्त एकच चौकशी करी, “तूप तरी चांगलं घालतात ना रे?”