रिकाम्या गोलपोस्टचे वर्ष

१९७३ साली चिलीच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचे विजेतेपद स्पॅनिश स्थलांतरितांच्या उनिओन एस्पान्योला या क्लबने पटकावले, एवढीच नोंद कोष्टकात सापडते. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला लष्कराने आयेंदे यांचे सरकार उलथवले आणि सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमची छळछावणी झाली. हजारो कैदी तेथे डांबले गेले. २१ नोव्हेंबरला तेथेच होणाऱ्या विश्वचषक पात्रता सामन्यास येण्याचे सोव्हिएत संघाने नाकारले. चिलीच्या खेळाडूंनी रिकाम्या गोलमध्ये चेंडू ढकलला!

केवळ विजेत्यांच्या याद्यांतून लिहिलेला क्रीडेतिहास आम्हांस म्हणूनच अपुरा वाटतो. त्या स्टेडियममधील जुन्या लाकडी बाकांचा एक भाग स्मारक म्हणून तसाच राखला आहे. त्या हंगामाचा गुणतक्ता वाचताना ती रिकामी बाकेही मोजावी लागतात.