टर्मिनल मल्टिप्लेक्सरमधील पर्यावरण चलांचे अद्ययावतीकरण

टीमक्स किंवा जीएनयू स्क्रीन यांसारख्या टर्मिनल मल्टिप्लेक्सरच्या सत्रात आधीपासून चालू असलेल्या शेलमधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, अर्थात पर्यावरण चल, नव्या जोडणीशी सुसंगत ठेवण्याच्या पद्धतींना पर्यावरण चलांचे अद्ययावतीकरण म्हणतात. दूरस्थ संगणकावर एसएसएचद्वारे काम करणाऱ्यांना ही अडचण विशेषत्वाने जाणवते.

पार्श्वभूमी

पर्यावरण चल ही संकल्पना १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून रूढ झाली. प्रत्येक प्रक्रियेला सुरू होताना तिच्या जनक प्रक्रियेकडून या चलांची प्रत मिळते. ही केवळ प्रत असते. पुढे जनक प्रक्रियेतील मूल्य बदलले तरी अपत्य प्रक्रियेला त्याचा पत्ता लागत नाही आणि बाहेरून तिचे चल बदलण्याची सर्वसाधारण सोयही नाही.

मल्टिप्लेक्सरचा हेतू याच्या नेमका आड येतो. जीएनयू स्क्रीन १९८७ मध्ये आणि निकोलस मॅरियट यांचे टीमक्स २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडणी तुटली तरी आतील शेल जिवंत राहावे, हे दोहोंचे मुख्य वैशिष्ट्य आहे. शेल टिकतो आणि त्याबरोबर त्याची जुनी चलेही टिकतात.

समस्येचे स्वरूप

समजा, एका विद्यार्थिनीने सकाळी महाविद्यालयातून सर्व्हरवर टीमक्स सत्र सुरू केले आणि सायंकाळी सदाशिव पेठेतील घरून ती त्याच सत्राला पुन्हा जोडली गेली. सकाळच्या जोडणीसोबत एसएसएच एजंटसाठी तयार झालेले सॉकेट ती जोडणी बंद होताच नाहीसे झाले. परंतु जुन्या शेलमधील ‘एसएसएच_ऑथ_सॉक’ हे चल अजून त्याच सॉकेटचा मार्ग सांगते. परिणामी गिटवर काम पाठवताना परवानगी नाकारली जाते. किल्ली योग्य, पासवर्ड योग्य, पत्ता योग्य. चूक शोधण्यात बराच वेळ जातो. एक्स विंडो प्रणालीच्या ‘डिस्प्ले’ चलाबाबतही असेच घडते.

टीमक्समधील व्यवस्था

टीमक्स चलांचे दोन संच सांभाळते. टीमक्सचा सर्व्हर सुरू झाला तेव्हाची चले सार्वत्रिक संचात असतात, तर प्रत्येक सत्राचा स्वतंत्र संच असतो. ‘अपडेट-एन्व्हायर्नमेंट’ या पर्यायातील यादीत असलेल्या चलांची मूल्ये सत्राला पुन्हा जोडताना नव्या जोडणीतून सत्राच्या संचात उतरवली जातात. वर उल्लेखिलेली दोन्ही चले या यादीत मुळातच असतात. त्यामुळे नव्याने उघडलेल्या खिडकीत सारे सुरळीत चालते, शेजारच्या जुन्या खिडकीत मात्र नाही. या विसंगतीमुळेच दोष टीमक्सचा असल्याचा समज होतो. स्क्रीनमध्ये नव्या खिडक्यांसाठी ‘सेटएन्व्ह’ ही आज्ञा आहे. ती वापरकर्त्याला स्वतः द्यावी लागते.

उपाय

पहिला मार्ग शेलनेच नवी मूल्ये मागून घेण्याचा. ‘टीमक्स शो-एन्व्हायर्नमेंट -एस’ ही आज्ञा सत्राच्या संचातील चले शेलला समजणाऱ्या ओळींत छापते आणि ‘इव्हॅल’ने त्या ओळी चालू शेलमध्ये अमलात येतात. झेडशेलमध्ये ‘प्रीएक्झेक’ फलनात ही आज्ञा ठेवल्यास ती प्रत्येक आज्ञेपूर्वी आपोआप चालते. बॅशमध्ये त्यासाठी ‘प्रॉम्प्ट_कमांड’ वापरतात. पण ते प्रॉम्प्ट दिसण्यापूर्वी चालत असल्याने सत्राला पुन्हा जोडल्यावर एकदा एंटर दाबावे लागते, अन्यथा पहिली आज्ञा जुन्याच मूल्यावर चालते.

दुसऱ्या मार्गात चलाचे मूल्य बदलतच नाही. एजंटच्या सॉकेटकडे जाणारा एक सिम्लिंक गृह निर्देशिकेत ठराविक ठिकाणी ठेवतात, चलात त्याचाच मार्ग लिहितात आणि प्रत्येक लॉगिनला सिम्लिंक नव्या सॉकेटकडे वळवतात. हे चल ‘अपडेट-एन्व्हायर्नमेंट’च्या यादीतून वगळावे लागते, नाहीतर टीमक्स त्यावर पुन्हा खरा मार्ग लिहिते. सिम्लिंक वळवणारी ओळ टीमक्सच्या आतील शेलमध्येही चालली, तर तो स्वतःकडेच निर्देश करू लागतो आणि निरुपयोगी ठरतो. एकाच वेळी दोन ठिकाणांहून लॉगिन केल्यास शेवटची जोडणी प्रभावी ठरते. ती आधी बंद झाली, तर पहिली चालू असूनही सिम्लिंक मृत होतो. मात्र आधीपासून चालू असलेल्या संपादकासारख्या आज्ञावलीलाही नवे सॉकेट सापडते, हा या मार्गाचा मोठा लाभ आहे. पहिल्या मार्गाने ते साधत नाही, कारण तेथे केवळ शेल अद्ययावत होतो.

एजंट दूरस्थ संगणकापर्यंत पोहोचवल्यास तेथील रूट वापरकर्ता त्याचा वापर करू शकतो. ठराविक ठिकाणच्या सिम्लिंकने हा धोका कमी होत नाही. म्हणून अविश्वसनीय सर्व्हरवर एजंट न पोहोचवणेच योग्य.

देवनागरी मजकूर

भाषाविषयक ‘लँग’ हे चल अद्ययावत होणाऱ्या मूळ यादीत नाही. जोडणीच्या भाषाविषयक चलांत यूटीएफ-८ चा उल्लेख नसेल, तर टीमक्स देवनागरी अक्षरांऐवजी अधोरेषा दाखवते. मूल्य सुधारून, उदाहरणार्थ मराठीसाठीचे ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ देऊन, सत्राला पुन्हा जोडल्यावर पडद्यावर अक्षरे उमटू लागतात. जुन्या शेलमध्ये मात्र पूर्वीचेच मूल्य राहते, त्यामुळे त्यातून चालवलेल्या आज्ञावली मराठी मजकूर चुकीचा हाताळू शकतात. तेथे ‘एक्सपोर्ट’ आज्ञेने चल स्वतः बदलावे लागते किंवा नवी खिडकी उघडण्यापूर्वी ‘सेट-एन्व्हायर्नमेंट’ वापरावे लागते.