सोयर-सुतक नसलेले बेट

ग्रीसला जाऊन आलेल्यांकडून सँटोरिनीचा सूर्यास्त आणि मिकोनॉसच्या पवनचक्क्या यांचे वर्णन आपण ऐकलेले असते. मिकोनॉसच्या बंदरातून बोटीने अर्ध्या तासावर असलेल्या डेलॉसचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच कानावर पडते. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे हे खडकाळ, उघडे बोडके बेट. तरीही एजियन समुद्रातले एकच स्थळ पाहण्याइतका वेळ हाती असेल, तर ते डेलॉसच असावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वाचकांनी आधी इथली कथा जाणून घ्यावी, कारण तिच्यावाचून इथले दगड बोलत नाहीत. झ्यूसची पत्नी हेरा हिच्या कोपाच्या भीतीने, झ्यूसपासून गरोदर असलेल्या लेटोला कुठलीच भूमी थारा देईना, तेव्हा समुद्रात तरंगणाऱ्या या बेटाने तिला आसरा दिला आणि इथे अपोलोचा जन्म झाला, अशी ग्रीकांची श्रद्धा. देवाचे हे जन्मस्थान निर्मळ राहावे म्हणून अथेन्सकरांनी इ.स.पू. 426 च्या सुमारास इथल्या सगळ्या कबरी उकरून शेजारच्या रेनिया बेटावर हलवल्या आणि यापुढे डेलॉसवर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये, असा दंडक घातला. बाळंतिणीला आणि मरणासन्न माणसाला होडीत घालून रेनियाला न्यायचे. ज्या भूमीवर सोयर नाही आणि सुतकही नाही, तिथल्या घराघरांत काय कालवाकालव होत असेल, याचा विचार मनात ठेवूनच बोटीतून उतरावे.

उतरल्यावर बहुतेकांचे पाय नाक्सोसकरांनी अपोलोला अर्पण केलेल्या संगमरवरी सिंहांकडे वळतात. ते जरूर पाहावेत, मात्र उघड्यावर आहेत त्या प्रतिकृती; मूळ सिंह संग्रहालयात आहेत, आणि त्यांच्यातला एक फार पूर्वी व्हेनिसला नेला गेला. त्यांच्या समोरचे पवित्र तळे हिवतापाच्या भयाने विसाव्या शतकात बुजवले गेले. आता तिथे खोलगट जागेत एक खजुराचे झाड उभे आहे.

माझे मन मात्र घरांत रमते. इ.स.पू. 166 मध्ये रोमने डेलॉस अथेन्सच्या हवाली करून ते करमुक्त बंदर केले आणि देवाच्या दारात बाजार भरला. तो काही केवळ तेल-धान्याचा नव्हता. एका दिवसात दहा हजार गुलामांची आवक-जावक होऊ शके, असे स्ट्रेबो या प्राचीन भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. या शहराची श्रीमंती पाहताना हेही विसरू नये. इटली, सीरिया, इजिप्त, फिनिशिया इथून व्यापारी आले आणि आपापले देव घेऊन आले. म्हणूनच किंथोस टेकडीच्या उतारावर आयसिसचे देऊळ आहे, सीरियन देवतांचे ठाणे आहे, आणि किनाऱ्याकडे ज्यूंचे प्रार्थनास्थळ म्हणून ओळखली जाणारी एक वास्तूही आहे.

इथल्या घरांपैकी ‘डॉल्फिनांचे घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरात शिरताना पायाखाली पाहा. उंबऱ्याच्या आत, जिथे आपण रांगोळी घालू तिथे, बारीक खड्यांनी मढवलेले एक साधे चिन्ह आहे: त्रिकोण, त्यावर आडवी रेघ, वर वर्तुळ. ती फिनिशियन लोकांच्या तानित देवीची खूण. आतल्या चौकातल्या मोझेकवर कारागिराने आपले नाव कोरले आहे: अरादोसचा आस्क्लेपियाडिस. म्हणजे फिनिशियाच्या किनाऱ्याचा माणूस. ग्रीक देवाच्या बेटावर, ग्रीक लिपीत सही करणारा हा परदेशी कसबी मला सिंहांहून जवळचा वाटतो.

पुढे इ.स.पू. 88 मध्ये रोमचा शत्रू असलेल्या पाँटसच्या राजाच्या, मिथ्रिडेटिसच्या सैन्याने आणि इ.स.पू. 69 मध्ये चाच्यांनी बेट लुटले, आणि शहर ओस पडत गेले. 1870 च्या दशकापासून फ्रेंच संशोधक इथे उत्खनन करीत आहेत. 1990 मध्ये युनेस्कोने डेलॉसला जागतिक वारशाचा मान दिला.

आपण जाल तेव्हा पाणी आणि टोपी सोबत असू द्या; सावली जवळजवळ नाही आणि वारा झोंबरा असतो. आधी घरे पाहा, मग 112 मीटरच्या किंथोसवर चढा. माथ्यावरून रेनिया समोर दिसते. बेटावर पाहुण्याला रात्री मुक्काम करता येत नाही, तेव्हा सकाळची पहिली बोट चुकवू नका.