दर्या, लोखंड आणि गंज

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या ज्ञातीच्या सभेत आरमाराच्या लढायांचा आणि जलदुर्गांचा उल्लेख होतो, आणि तो यथायोग्यच आहे. परंतु ज्या वैऱ्याशी आपल्या वाडवडिलांचा रोजचा सामना असे, त्याची बखर कोणी लिहिली नाही. तो वैरी म्हणजे गंज. आज आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची नौका कर्जाऊ रकमेवर उभी आहे. सबब हा विषय ह्या स्मरणिकेत मांडणे आम्हांस अवश्य वाटले.

शाळेत असताना आम्ही मुलांना एक साधा प्रयोग दाखवीत असू. तीन नळ्यांत तीन खिळे ठेवावयाचे. एका नळीत कोरडी हवा, दुसरीत उकळून गार केलेले पाणी व त्यावर तेलाचा थर, तिसरीत साधे पाणी. आठ दिवसांत तिसऱ्या नळीतील खिळा तांबडा होई. पहिले दोन जसेच्या तसे राहत. पाणी आणि हवा दोन्ही एकत्र आल्याखेरीज लोखंड गंजत नाही, आणि पाण्यात मीठ असले की तेच काम कितीतरी वेगाने होते. पुढील साऱ्या इतिहासाचे मर्म ह्या तीन नळ्यांत आहे.

आपल्या समुद्रातील प्राचीन नौकाबांधणाऱ्यांनी तर लोखंडच टाळले होते. तेराव्या शतकात मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी होर्मुझ बंदरी आला. तेथील गलबते खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने शिवलेली असून त्यांस माशाचे तेल चोपडतात, असे त्याने लिहून ठेविले. त्याला ती गलबते फार धोक्याची वाटली, हेही खरे. शिवणीचे कारण त्याने लाकडाचा कठीणपणा असे दिले आहे. कारण काही असो, जेथे खिळाच नाही तेथे गंज कोठून येणार? अशाच शिवणीचे 'कौंडिण्य' नावाचे जहाज २०२५ साली कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले.

पुढे खिळा आला आणि त्याबरोबर लाकडाची पारखही आली. इंग्लंडातील ओक लाकडात आम्ल असते, ते लोखंडी खिळ्यास खाते. आपल्या सागात तेल असते, ते खिळ्यास सांभाळते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने सागाची जहाजे बांधून नाव मिळविले. त्यांपैकी १८१७ साली मुंबईत पाण्यात लोटलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे.

आता एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण तिचा संबंध आपल्या आजच्या नौकांशी आहे. लाकडास किडा लागू नये म्हणून इंग्रजांनी १७६१ साली 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी नौका परत आली. तांबे ठीक होते, पण त्याला लागून असलेले लोखंडी खिळे झिजून गेले होते. मौज अशी की, पत्र्यांभोवती बांधून आलेला तपकिरी कागद काही ठिकाणी चुकून तसाच राहिला होता, आणि नेमके तेथलेच खिळे शाबूत होते! खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांस भिडले की हलका धातू भारी धातूसाठी झिजतो. हेच तत्त्व उलटे वापरून सर हंफ्री डेव्ही ह्यांनी १८२४ साली तांब्याचे रक्षण करण्यासाठी त्याला लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडले. तांबे वाचले; पण ते विरघळेनासे झाल्याने तळावर शेवाळ आणि शिंपले माजले, व आरमाराला ती योजना सोडावी लागली.

डेव्हींचे जस्त मात्र वाया गेले नाही. १९५० नंतरच्या दशकात आपल्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांत इंजिने बसू लागली. पोलादी दांडा आणि पितळेचा पंखा एकाच पाण्यात आले, म्हणजे 'अलार्म'चीच कथा. म्हणून तेथे जस्ताचा गट्टू लावतात. तो झिजतो ते त्याचे कामच आहे. आम्ही काही नौकांवर पाहिले की, तळाला रंग देताना हौसेने गट्टूही रंगवून टाकलेला असतो. रंगवलेले जस्त निरुपयोगी होय.

आता फवाऱ्याच्या डब्याविषयी. दाबाने फवारणारा डबा एरिक रोथाइम ह्या नॉर्वेजियन गृहस्थाने १९२० नंतरच्या दशकात शोधला. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथील एका लहान कंपनीने ॲटलास क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्यास गंज लागू नये म्हणून पाणी हटविणारे एक मिश्रण तयार केले. ते चाळिसाव्या प्रयत्नास साधले, म्हणून त्याचे नाव डब्ल्यूडी-४०. त्यातील 'डब्ल्यूडी' ही अक्षरे पाणी हटविणे ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत. १९५८ पासून ते डब्यातून दुकानात मिळू लागले. असल्या फवाऱ्यातील पातळ द्रव उडून जातो आणि मागे तेलाचा अगदी बारीक पापुद्रा राहतो. भिजलेल्या जोडणीतून पाणी काढण्यास आणि अडकलेला बोल्ट सोडविण्यास तो उत्तम. चार महिन्यांच्या पावसाळ्यासाठी तो नव्हे. त्याच कंपनीने दीर्घ मुदतीच्या गंजरक्षणासाठी पुढे निराळा फवारा काढला, हे पुरेसे बोलके आहे.

हे लिहिण्यास कारण घडले ते आमच्या पुतण्याच्या नौकेवर. मे महिन्याच्या अखेरीस त्याने नौका शाकारली. सुकाणूची साखळी व तिच्या कड्या गोड्या पाण्याने न धुताच त्यांवर असाच एक पातळ फवारा मारला आणि वर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, "काका, ह्यां एकदा मारलां काय चार म्हयने बघूक नको." नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच खेपेस, मालवण बंदराच्या तोंडाशी, खडक डाव्या हाताला असताना कडी तुटली. सुकाणू मोकळे झाले. नौकेवर सहा माणसे होती. मागून येणाऱ्या तांडेलाने दोर टाकून ओढले म्हणून सारे घरी आले.

कडी आम्ही हातात घेऊन पाहिली. वरून काळसर तकाकी होती. आत, जेथे मिठाचा थर तेलाखाली अडकला होता, तेथे लोखंड पापडासारखे सुटत होते. फवाऱ्याचा दोष नव्हता. मीठ हवेतील ओल ओढून घेते, आणि ताडपत्रीखाली ती ओल कोंडली होती. आमचे वडील नौका झापांनी शाकारीत. त्यातून वारा खेळे. त्यापूर्वी प्रत्येक लोखंडी वस्तू विहिरीच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, मग तिला मुशीच्या काळजाचे तेल चोपडीत. त्या तेलाच्या वासाने आम्ही मुले नाक धरून पळत असू.

आता ते तेल कोणी काढीत नाही, आणि काढावे असा आमचा आग्रहही नाही. क्रम मात्र तोच हवा: प्रथम गोडे पाणी, मग पूर्ण वाळवण, मग हवा तर पातळ फवारा सांध्यांतील उरले पाणी काढण्यापुरता, आणि त्यावर जाड ग्रीस किंवा मेणाचा अथवा लोकरीच्या चरबीचा जाड फवारा. इंजिनाच्या पट्ट्यांवर तेल जाऊ देऊ नये, पट्टा घसरतो. इंजिन तापलेले असताना डबा जवळ नेऊ नये, कारण बहुतेक फवारे पेट घेतात.

पुतण्याने ह्या वर्षी साखळी काढून घरीच आणली. विहिरीवर धुतली, चार दिवस अंगणात वाळविली आणि ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळली. ती सध्या आमच्या पडवीत आहे.