सपाट पडद्याची निवड : काही नावांचा आणि एका पराभवाचा इतिहास

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने दूरचित्रवाणीच्या यंत्रांविषयी लिहावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. निमित्त साधे आहे. विभागाच्या चर्चासत्रकक्षासाठी नवा संच घ्यावयाचे ठरले, आणि कोणत्या प्रकारचा घ्यावा याचे टिपण करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. बाजारात चौकशी करिता एल.ई.डी., क्यू.एल.ई.डी., ओ.एल.ई.डी., मिनी एल.ई.डी. अशी नावे कानांवर पडली. ही नावे वस्तूचे वर्णन करितात की वस्तू झाकतात, हा प्रश्न मनात आला आणि त्याचा माग घेता घेता साठ वर्षांचा इतिहास चाळावा लागला. त्यातील जो भाग अभ्यासकांना विचार करण्याजोगा वाटेल, तो येथे मांडीत आहे.

प्रथम ‘सपाट’ या शब्दाविषयी. फर्डिनांड ब्राऊन याने १८९७ साली सिद्ध केलेल्या ऋणकिरण नलिकेवर जुना संच उभा होता. नळीच्या मागील टोकाकडून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकाने वळवून पडद्यावर फिरवावयाचा, तर त्या झोताला पसरण्यास अंतर हवे. म्हणून पडदा जितका रुंद तितका संच खोल, आणि आतील निर्वातावर पडणारा हवेचा दाब सोसण्यासाठी काच जाड. चाळीस इंची संचाचे वजन शंभर किलोच्या वर जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस या नळीची पुढची काच तेवढी सपाट करण्यात आली, आणि आपल्याकडील दुकानांत त्या संचांना ‘फ्लॅट टीव्ही’ म्हणू लागले. मागचे कुबड होते तसेच होते. पुढे दहाबारा वर्षांत तोच शब्द भिंतीवर टांगावयाच्या पातळ संचांना लागला, आणि आज ज्याला ‘फ्लॅट’ म्हणतो त्याचा त्या जुन्या ‘फ्लॅट’शी नावापलीकडे काही संबंध उरलेला नाही. अर्थांतराचे इतके ताजे उदाहरण वर्गात सांगण्यास दुसरे सहज सापडणार नाही.

खऱ्या अर्थाने पातळ असे दोन प्रकार एकाच दशकात जन्मास आले, आणि दोघांचेही जन्मस्थान अमेरिकाच. त्यांपैकी पहिला विद्यापीठात जन्मला, म्हणून आपल्याला त्याविषयी थोडी आपुलकी वाटावी. इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची, संगणकाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना शिकविण्याची एक योजना चालू होती. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक पडदा हवा. परंतु नळीवरील चित्र क्षणोक्षणी नव्याने रेखाटावे लागते, व त्यासाठी ते स्मृतीत साठवून ठेवावे लागते. त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ साली जो पडदा केला, त्यातील प्रत्येक लहान कोठडीत वायू भरलेला असून ती एकदा पेटली की पेटलेलीच राही. पडद्याला स्वतःची स्मृती होती. त्याचा रंग निऑनचा नारिंगी, आणि चित्रपट दाखविण्याची कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती. हाच तो प्लाझ्मा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घडविलेली वस्तू’. रक्तातील द्रवाला तो आधीच लागलेला होता, आणि विद्युद्भारित वायूला तो आयर्विंग लँगम्यूर याने १९२८ साली लावला. मराठीत त्यासाठी ‘आयनद्रायू’ असा शब्द घडविण्यात आला आहे. तो कोशात आहे, दुकानात नाही.

दुसऱ्या प्रकाराची कुळकथा अधिक जुनी आहे. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यास १८८८ साली कोलेस्टेरॉलपासून केलेल्या एका पदार्थाला दोन वितळबिंदू असल्याचे आढळले. १४५.५ अंशांना तो वितळून गढूळ द्रव होई, आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा जाई. ऑटो लेमान या भौतिकीच्या पंडिताने या मधल्या अवस्थेला ‘प्रवाही स्फटिक’ म्हटले. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज फ्रीडेल यास मुळीच मान्य नव्हते. पदार्थ द्रवही नाही आणि स्फटिकही नाही, ही एक निराळी मध्यावस्था आहे, असे त्याने १९२२ साली आग्रहाने प्रतिपादिले आणि ग्रीक शब्दांपासून त्या अवस्थांची नवी नावे बनविली. त्यांपैकी ‘नेमॅटिक’, म्हणजे सूत्रासारखा, हे नाव टिकले. परंतु मूळ विरोधाभासी नाव काही हटले नाही, आणि आपलाही ‘द्रवस्फटिक’ त्याच साच्यातून उतरला. शास्त्रीय दृष्ट्या फ्रीडेलची बाजू बरोबर होती असे माझे मत आहे. भाषेने ती मानली नाही.

आर.सी.ए. या कंपनीने जॉर्ज हाइलमायर याच्या संशोधनावर आधारलेले द्रवस्फटिकांचे दर्शक १९६८ साली वृत्तपत्रांपुढे ठेविले. स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट व वोल्फगांग हेलफ्रिश यांनी १९७० साली पिळाच्या रचनेचे एकस्व मागितले. हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे याने खोलीच्या तापमानात टिकणारे पदार्थ तयार केले. आणि १९७३ पासून गणकयंत्रे व मनगटी घड्याळे यांतून ही वस्तू घरोघर गेली. येथे एक भारतीय दुवा सांगितलाच पाहिजे. द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखेच असतात, असा तोवर समज होता. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखवून दिले, आणि तो शोध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकातच प्रसिद्ध केला. बाजूने पाहिल्यास चित्र फिके पडणे हा या पडद्यांचा मोठा दोष. तो कमी करण्यासाठी पुढे जपानमध्ये जे पातळ पटल निघाले, त्यात अशाच चकतीरूप रेणूंचा उपयोग झाला आहे.

या दोन प्रकारांतील भेद शास्त्राच्या परिभाषेवाचूनही सांगता येतो. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचा चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे लगेच पटेल. तेथे दिवा मागे असतो. पुढची आकृती स्वतः प्रकाशत नाही, ती प्रकाश अडविते किंवा रंगवून सोडते. द्रवस्फटिकाचा पडदा हा असा छायाखेळ आहे. प्लाझ्मा ही देवळापुढची दीपमाळ आहे: प्रत्येक दिवा आपापला पेटतो आणि जो पेटला नाही तेथे खराखुरा काळोख असतो. छायाखेळात काळोख कधीच पुरता मिळत नाही, कारण दिवा मागे जळतच असतो व थोडा प्रकाश झिरपतोच. पायोनिअर कंपनीने २००७ साली आपल्या प्लाझ्मा संचांना ‘कुरो’, म्हणजे जपानी भाषेत ‘काळा’, असे नाव दिले ते याच अभिमानाने.

तथापि, पराभव झाला तो प्लाझ्माचा. फुजित्सूने १९९२ साली एकवीस इंची रंगीत पडदा तयार केला. १९९७ साली फिलिप्सचा बेचाळीस इंची संच अमेरिकेत सुमारे पंधरा हजार डॉलरांना विकला जात होता. आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोठा सपाट संच म्हणजे प्लाझ्मा, असेच समीकरण होते. पायोनिअरने २००९ साली या व्यवसायातून अंग काढून घेतले. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबविले. २०१४ साली सॅमसंग व एल.जी. यांनीही तसेच जाहीर केले. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहणारे जाणकार तेव्हाही प्लाझ्माच वरचा मानीत. मग तो हरला का?

प्लाझ्माच्या कोठड्या फार लहान करता येत नसत. त्यामुळे तो घड्याळात किंवा लहान संचात शिरू शकला नाही. द्रवस्फटिकाने मात्र घड्याळापासून आरंभ करून पायरीपायरीने चढाई केली. प्रत्येक पायरीवर त्याला गिऱ्हाईक होते, म्हणून प्रत्येक पायरीवर कारखान्यासाठी भांडवल होते. जपानच्या शार्प कंपनीने १९८८ साली चौदा इंची पडदा दाखविला, २००४ साली कामेयामा येथे आणि २००९ साली साकाई येथे प्रचंड काचा हाताळणारे कारखाने उभारिले. एका काचेतून जितके अधिक पडदे कापावे तितका प्रत्येक स्वस्त, हे त्यातील गणित. प्लाझ्माला वीजही अधिक लागे. कॅलिफोर्निया राज्याने २००९ साली दूरचित्रवाणी संचांच्या वीजवापरावर मर्यादा घालणारे नियम संमत केले, तेव्हा त्याची अडचण वाढली.

आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे दुकान. गिऱ्हाईक संच पाहतो तो दुकानातील लखलखाटात. तेथे प्लाझ्माची काच छताचे दिवे परावर्तित करी, आणि त्याचा काळोख, जो त्याचा खरा गुण, तो दिसतच नसे. शेजारचा द्रवस्फटिकाचा पडदा मात्र भडक व तेजस्वी दिसे. २०१२ साली मी स्वतः एका दुकानात असाच फसलो. कोपऱ्यातील प्लाझ्मा मला करडा व निस्तेज वाटला, आणि विक्रेता म्हणाला, “साहेब, एल.सी.डी. आता जुना झाला, एल.ई.डी. घ्या.” मी तो घेतला. घरी येऊन पुस्तिका उघडली, तो आत पडद्याचा प्रकार एल.सी.डी. असाच छापलेला.

विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने नाव जसे ऐकले तसे उच्चारिले. पूर्वी या पडद्यामागे बारीक नळदिवे असत. त्यांच्या जागी प्रकाशोत्सर्जक द्विप्रस्थ, म्हणजे एल.ई.डी. दिवे बसविलेला संच सोनीने २००४ साली काढला होता. २००९ पासून सॅमसंगने अशा संचांना सरळ ‘एल.ई.डी. टीव्ही’ म्हणण्यास आरंभ केला, आणि ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने त्याच वर्षी त्या जाहिरातींना दिशाभूल करणाऱ्या ठरविले. समासाच्या दृष्टीने पाहता गंमत अशी की, ‘मृद्घट’ म्हटले म्हणजे मातीचाच घट असे आपण समजतो, तसेच ‘एल.ई.डी. टीव्ही’ म्हणताच चित्र त्या दिव्यांचेच बनले आहे असे ऐकणारा समजतो. वस्तुतः छायाखेळातील समई बदलली होती, बाहुल्या त्याच होत्या. निर्णय ब्रिटनमध्ये झाला, शब्द जगभर रूढ झाला. आता आपल्या खेड्यापाड्यांत “त्यांनी एलईडी घेतला” असे म्हणतात, तेव्हा ‘टीव्ही’ हा शब्दच गळून पडलेला असतो. मागे उरते ते त्याचे पुल्लिंग.

२०१७ साली आलेले ‘क्यू.एल.ई.डी.’ हे नाव याच वळणाचे. संशोधनपर वाङ्मयात हे संक्षेपाक्षर अशा रचनेसाठी रूढ होते, की जीत अतिसूक्ष्म पुंजबिंदू विजेने स्वतः प्रकाशतात. बाजारातील संचात ते बिंदू मागच्या दिव्याचा रंग शुद्ध करण्यापुरते असतात. पुढे द्रवस्फटिकच आहे. आणि ‘क्यू’ व ‘ओ’ ही रोमन अक्षरे एका लहानशा शेपटीपुरतीच भिन्न दिसतात, हे नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात आले नसेल असे मानणे कठीण आहे. कारण ‘ओ.एल.ई.डी.’ ही खरोखरच निराळी वस्तू आहे. कोडॅक कंपनीतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली तिचा पाया घातला. सोनीचा अकरा इंची संच २००७ साली, आणि एल.जी.चा पंचावन्न इंची २०१३ साली विक्रीस आला. यातील ‘ओ’ म्हणजे सेंद्रिय, अर्थात कार्बनी संयुगांचा. सेंद्रिय भाजीपाल्याशी त्याचा संबंध नाही, हे एका विद्यार्थ्याला मला खरोखरच सांगावे लागले. यात पुन्हा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो व स्वतः विझतो. प्लाझ्माचे कारखाने बंद पडत होते, नेमक्या त्याच वर्षी दीपमाळेचे तत्त्व दुसऱ्या दाराने घरात आले. त्याबरोबर प्लाझ्माचे जुने दुखणेही आले: जे चित्र फार वेळ स्थिर राहते, त्या जागचे बिंदू आधी झिजतात व त्याचा डाग मागे राहतो.

मिनी एल.ई.डी. ही मागच्या दिव्याचीच सुधारणा होय. हजारो लहान दिवे विभागाविभागाने मंद करिता येतात, त्यामुळे काळोख पुष्कळच सुधारतो. खेळ मात्र छायेचाच. म्हणून खरेदीदाराने नावे बाजूला सारून, चित्रातला प्रकाश बिंदूतून येतो की मागून, एवढेच विचारावे.

आता विभागाच्या टिपणाकडे वळतो. आपल्या चर्चासत्रकक्षाला पश्चिमेकडे तीन मोठ्या खिडक्या आहेत व पडदे पुरते लागत नाहीत. पडद्यावर तासन्‌तास स्थिर मजकूर, तक्ते आणि ध्वनिलेख राहणार. बोलींच्या चित्रमुद्रणांत वक्त्याचे ओठ स्पष्ट दिसले पाहिजेत. परंतु तेही भर दुपारी, दिवे लावून पाहावयाचे आहे. या परिस्थितीत मागून प्रकाशणारा द्रवस्फटिकाचा संच, शक्य तर बाजूने पाहिले तरी रंग टिकणाऱ्या जातीचा, घ्यावा अशी शिफारस मी केली आहे. घरी, रात्री, दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्यास मी ओ.एल.ई.डी. सुचविला असता. मागणीपत्रात ‘एल.ई.डी.’ हा शब्द खोडून ‘एल.सी.डी., मागे एल.ई.डी. दिवे’ असे लिहिले आहे; लेखाविभागाने त्यावर खुलासा मागविला असून, या लेखाची एक प्रत मी त्यास जोडीत आहे.