वचनातला एक शब्द

मंडळी, तहातल्या एका शब्दावरून वर्षानुवर्षं भांडणं चालल्याचं आपण इतिहासात वाचतो. संगणकाच्या जगातही असा एक वाद झाला. तो थोडक्यात सांगतो.

लिनक्सवर आधारलेली ‘डेबियन’ ही प्रणाली १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केली. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने काढलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरूनच घडवलेली. १९९७ साली डेबियनवाल्यांनी समाजाला लेखी वचन दिलं, की आमची प्रणाली पूर्णपणे मुक्त राहील. म्हणजे तिचा प्रत्येक भाग कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल.

अडचण आली ती फर्मवेअरची. वायफाय कार्डासारख्या वस्तूच्या आतही एक छोटा प्रोग्रॅम चालतो, तो फर्मवेअर. पूर्वी तो कार्डातल्याच चिपमध्ये कायमचा भरलेला असे. पुढे अनेक कंपन्यांनी ती चिपच काढून टाकली. संगणक सुरू झाला, की प्रणालीने तो प्रोग्रॅम कार्डात भरायचा. खर्च वाचला, चुका नंतर सुधारता येऊ लागल्या. पण मूळ लिखाण कंपनीच्या कुलपातच राहिलं. मग हे बंद गाठोडं प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, बांधून द्यायचं का?

२००४ मध्ये वचनाचे शब्द अधिक कडक झाले. २००६ आणि २००८ मध्ये मतदान घेऊन तात्पुरती सवलत दिली गेली. २००८ चा वाद इतका पेटला, की सचिव मनोज श्रीवास्तव यांनी पद सोडलं. अखेर फेब्रुवारी २०११ च्या आवृत्तीत गाभा स्वच्छ झाला. फर्मवेअर वेगळ्या कपाटात गेलं.

वचन पाळलं गेलं, पण झळ बसली ती वापरणाऱ्याला. आमच्या कामथडीसारख्या गावात घरोघरी इंटरनेटची केबल कुठली? वायफाय सुरू करायला फर्मवेअर हवं आणि ते उतरवायला इंटरनेट हवं! काही संगणकांत तर आवाजासाठीही फर्मवेअर लागतं. ज्यांना दिसत नाही, जे ऐकूनच संगणक वापरतात, त्यांनी काय करायचं?

ऑक्टोबर २०२२ मध्ये निकाल लागला. फर्मवेअर अधिकृत प्रतीत घ्यायचं ठरलं आणि त्यासाठी वचनातच तशी भर घातली गेली. जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ते आलं. त्याचा विभाग मात्र वेगळा ठेवला आहे, आणि नको असेल त्याला ते नाकारताही येतं.

मला स्वतःला हा निर्णय पटतो. चिपमध्ये कायमचं बसलेलं बंद फर्मवेअर बहुतेकांना चालत होतं, बाहेरून भरलं की मात्र सोवळं मोडत होतं! अर्थात कंपन्यांवरचा दबाव यामुळे थोडा कमी झाला, हेही खरं. पण वचन झेपत नाही असं दिसल्यावर त्यांनी ते गुपचूप मोडलं नाही. चारचौघांत मत घेऊन त्याचे शब्द बदलले आणि काय बदललं ते लिहून ठेवलं. आपल्याकडच्या संस्थांच्या घटना चाळताना मला हे आठवतं. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.